पाठीवरची चेन

झाकलेली कोणतीही वस्तू मोठेबाबांना पाहवत नसे. लग्नाच्या मांडवात पंगत बसण्याआधी ते स्वयंपाकाच्या बाजूला जाऊन भाजीच्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण उचलून आत डोकावून येत. कुणी भेट आणली तर देणारा चपला काढतो न काढतो तोच तिचा कागद फाडलेला असे. घड्याळ नीट चाललेलं असताना त्याची पाठ उघडून ते का चाललं आहे हे बघत बसत आणि मग ते चालायचं थांबे. मोठी आईने एकदा हौसेने खिडक्यांना पडदे शिवले होते. ते चार दिवसांत सायकल पुसायच्या कामी लागले. "झाकून ठेवलं म्हणजे आत काहीतरी सडून राहिलं असंल," ते म्हणत. "उघडून पाह्यल्याबिगर विश्वास ठेवू नोको पोरी."

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि मोठी आई त्यांची बायको. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते, पण शाळा हा त्यांचा जोडधंदा होता असंच आम्हाला वाटे. खरं काम अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या संघटनेच्या पत्रकांचं. माझे वडील नोकरीपायी सतत बाहेरगावी, म्हणून मी मोठेबाबांच्याच घरात वाढले आणि त्यांच्या पत्रकांवर अक्षरं गिरवली. इतर मुलं कमळ आणि बदक वाचायला शिकली, मी 'भांडाफोड' आणि 'जाहीर आव्हान' वाचायला शिकले. छापखान्यातून आलेल्या गठ्ठ्यांचा वास मला आजही इतका घरचा वाटतो की नवं पुस्तक हातात आलं की मी आधी हुंगते. आज मी जे काही लिहिते, ज्यावर लोक मला डोक्यात राख घालणारी म्हणतात, ते सगळं त्या गठ्ठ्यांतून आलेलं आहे. त्याबद्दल मला कधी ओशाळं वाटलेलं नाही. ओशाळं वाटतं ते दुसऱ्या एका गोष्टीचं, आणि तिची सुरुवात खाप्याला झाली.

खाप्याजवळच्या एका खेड्यात तोंडावर भगवं फडकं बांधून बसणारा एक बाबा होता. त्याचं तोंड पाहील तो आंधळा होतो अशी वदंता होती, आणि लोक जमिनीकडे पाहत त्याच्यापुढे नारळ ठेवत. मोठेबाबा सरळ चालत गेले, शेजारी बसले, त्याची विचारपूस केली आणि बोलता बोलता फडकं ओढलं. खाली एक ओळखीचा माणूस निघाला, पूर्वी त्याच गावात बैलबाजारात दलाली करणारा. मोठेबाबा उभे राहून म्हणाले, "कोणी आंधळं झालं का? झालं असंल तं हात वर करा." माणसं आधी घाबरली, मग हसली, मग इतकी हसली की बाबाच उठून गेला. मी फ्रॉकमध्ये पत्रकं वाटत होते. त्या दिवशी माझ्या मनात पक्कं बसलं की सत्य म्हणजे ओढून काढलेलं फडकं. ते ज्याच्या तोंडावरून निघतं त्याचं काय होतं, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही. त्या बाबाच्या बाबतीत तो पडायची गरजही नव्हती.

मग इरा आली. मोठेबाबांच्या मुलीची, वर्षाताईची, मुलगी. वर्षाताई नवऱ्याची बदली झाल्यापासून माहेरीच राहत होती, त्यामुळे इराला आबाजी, म्हणजे मोठेबाबा, ही सकाळी उठल्यापासूनची गोष्ट होती. ते तिला 'माय' म्हणत. बालवाडीत सायकलवरून सोडत आणि वाटेत दिसेल ते उघडून दाखवत: फुलाची कळी, मुंगळ्यांचं वारूळ, रस्त्यात खोदलेली गटार. ती त्यांच्या खांद्यावर बसून सगळ्या जगाची झाकणं निघताना पाहत होती.

पाच वर्षांची असताना तिला एका वाढदिवसाला नेलं. तिथे भाड्याने आणलेला एक मोठा ससा होता, म्हणजे सशाचा पोशाख घातलेला माणूस. त्याने फोटोसाठी तिला मागून उचललं. ती इतकी किंचाळली की केक कापायचा राहिला. तिथून तिला सोंगं सहन होईनात. शाळेच्या गॅदरिंगमधला वाघ, गणपतीच्या मिरवणुकीतला राक्षस, दुकानापुढचा कापडी भालू, म्हणजे अस्वल, सगळ्यांपासून ती पळू लागली. एवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. पण नागपूरला उन्हाळा लागला की सगळं शहरच तोंड बांधून बाहेर पडतं. बायका स्कूटरवर डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ गुंडाळतात, त्यावर गॉगल चढवतात. पुरुष डोक्याकानाला दुपट्टा बांधतात. वर्षाताईने मार्चमध्ये पहिल्यांदा स्कार्फ बांधला तेव्हा इराने स्वतःच्या आईच्या हाताला चावा घेतला. बालवाडी बंद झाली. खिडकीतून रस्ता दिसतो म्हणून ती मधल्या खोलीत बसून राहू लागली. मोठेबाबांच्या घरात खिडकी लावून घ्यायची पाळी आली होती.

भीती म्हणजे अपुरी माहिती, असं आमच्या घराचं मत. तेव्हा मी माहिती पुरवायचं ठरवलं. इरासाठी एक पत्रक तयार केलं. मथळा होता 'भालू कोण?' आणि खाली प्रश्नोत्तरं: भालूच्या आत कोण असतो? माणूस. माणूस चावतो का? नाही. मग आपण घाबरावं का? चित्रंही काढली. मोठेबाबांनी त्यात दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि भाषा आणखी धारदार हवी म्हणाले. इराने ते पत्रक घेतलं आणि भालूचं चित्र खाली येईल असं पालथं घालून त्यावर पाट ठेवला. मोठी आई ओट्याजवळून म्हणाली, "झालं का तुमचं संमेलन? पोरीले वाचता येत नाही अजून, एवढं तरी ध्यानात होतं का कोणाच्या?"

मोठेबाबांनी मग प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. हा शब्द त्यांचा आवडता होता. जिभेवर कापूर जाळायचं प्रात्यक्षिक, नारळातून केस काढायचं प्रात्यक्षिक. बर्डीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानापुढे एक भालू उभा असे, तपकिरी, मोठ्या गोल डोक्याचा, येणाऱ्याजाणाऱ्याला हात हलवणारा. एप्रिलमध्ये. नागपूरच्या एप्रिलमध्ये एका माणसाला दिवसभर फरच्या पोत्यात उभं करणाऱ्या त्या दुकानदाराबद्दल मला तेव्हाही राग होता आणि आजही आहे. पण त्या संध्याकाळी आम्ही दुकानदाराकडे गेलो नव्हतो. आम्ही भालूकडे गेलो होतो.

लग्नसराईची गर्दी होती. इरा माझ्या कडेवर, तोंड माझ्या मानेत खुपसलेलं. मोठेबाबा पुढे झाले, भालूशी हात मिळवला. भालूला वाटलं फोटो काढायचा आहे. त्याने गुडघे थोडे वाकवले, मोठेबाबांच्या खांद्यावर हात टाकला आणि डोकं एका बाजूला कलतं केलं. रोज शेकडो लोकांसाठी करत असेल तसं. मोठेबाबांनी त्याच हाताला धरून त्याला फिरवलं, पाठीवरची चेन एका झटक्यात खाली ओढली आणि दोन्ही हातांनी डोकं उचलून वर धरलं. "पाह्य माय," ते मोठ्याने म्हणाले, "माणूस आहे. निसता माणूस."

आत एक तिशीतला पोरगा होता. डोक्याला ओला गमछा, चेहरा लाल, भिजलेला, उजेडाने डोळे बारीक झालेले. गर्दी हसली. कुणी शिट्टी वाजवली. त्याने आपला चेहरा झाकायला हात वर नेले, पण ते हात भालूचे होते, मोठे, गुबगुबीत, आणि त्यामुळे लोक आणखी हसले. त्या पंजांमागून तो हळू आवाजात म्हणाला, "काका, काहून?"

मोठेबाबांच्या हातात ते डोकं तसंच राहिलं. दुकानातून मॅनेजर धावत आला आणि ओरडला तो त्या पोरावर. आम्ही निघालो. पळालो म्हटलं तरी चालेल. गर्दीतल्या कुणीतरी सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. तो मी काढला नाही, कारण माझ्या कडेवर इरा होती. दुसरं काही कारण नाही.

घरी जेवताना मोठेबाबांनी जरा उसन्या उत्साहाने विचारलं की आता तर कळलं ना, आत माणूसच असतो. इरा आईच्या मागे सरकली आणि तिथून म्हणाली, "तुमची चेन कुठे आहे?"

आम्ही तिला सांगितलं होतं की भालू उघडला की आत माणूस निघतो. ती एक पाऊल पुढे गेली: माणूस उघडला की आत काय निघतं? दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या पाठी पाहू लागली. दूधवाला वळला की त्याची पाठ, शेजारच्या काकू वाकल्या की त्यांची. आईला जवळ घेताना तिची बोटं आईच्या मणक्यावरून चाचपत जात. मोठेबाबांच्या मात्र ती जवळच जाईना. ते ज्या खोलीत येत तिथून ती उठून जाई, भिंतीला पाठ घासत, आपली पाठ त्यांना दिसणार नाही अशी. मोठी आईने मांडीवर घेऊन कारण विचारलं तेव्हा तिने कानात सांगितलं. मोठी आईने ते आम्हाला सांगायला नको होतं, पण आमच्या घरात काही झाकून ठेवायची पद्धत नव्हती. इरा म्हणाली होती, "आबाजी माणसांना उघडतात."

त्यानंतरचे मोठेबाबा मी कधी पाहिले नव्हते. सभेला जाईनात. महिन्याचं पत्रक निघालं नाही. लोकांचे फोन आले तर म्हणत, तब्येत बरी नाही. दुपारी ओसरीत खुर्ची टाकून ते बसत आणि आतून इराचा आवाज आला की मान तिकडे वळे आणि मग पुन्हा समोर होई. मी त्यांना समजावलं, हेतू चांगला होता वगैरे. ते म्हणाले, "त्या खाप्याच्या बाबाचाही हेतू चांगलाच होता म्हणे." एकदा मोठी आईने ताट वाढताना सहज म्हटलं की आज तुम्ही भाजीवरचं झाकण काढून पाहिलं नाही.

आठवड्याभराने आम्ही दोघं बर्डीत गेलो. दुकानापुढे दुसरा भालू होता. दारावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं की आधीच्या पोराला त्याच दिवशी काढून टाकलं, तो आता कळमन्याला हमाली करतो. नाव त्यालाही माहीत नव्हतं. म्हणाला, भालूच म्हणायचो.

कळमन्याच्या बाजारात टरबुजांचे ट्रक उभे होते. ट्रकपासून ढिगापर्यंत माणसांची रांग, आणि टरबूज या हातातून त्या हातात हवेतून जात होतं. आम्ही एकाला विचारायला लागलो तोच रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ए भालू, तुले भेटाले तुझे मास्तर आले पाय." व्हिडिओ इथेही पोचला होता. तो रांगेतच होता. त्याने मोठेबाबांना ओळखलं, पण हात थांबवले नाहीत. तो बोलत होता आणि दर दोन-तीन शब्दांनी एक टरबूज झेलून पुढे देत होता.

मोठेबाबांनी आपलं वाक्य म्हटलं. त्यांनी ते रिक्षात मनाशी घोकलेलं मी ऐकलं होतं. चूक झाली, लहान मुलीसाठी केलं, तुझा अपमान करायचा नव्हता.

"तुमी खरंच मास्तर होते का?" त्याने विचारलं.

होतो, म्हणाले.

"वाटलंच. साऱ्या वर्गापुढं कान पिळते अन् मंग एकट्यात डोक्यावरून हात फिरवते." रांगेतले दोघं हसले. तो हसला नाही. "घरी मी सांगतलं होतं का मी दुकानात आहो. कपडे दाखवतो गिऱ्हाइकाले. बायकोले तेच मालूम, सासऱ्याले तेच मालूम. आतमंदी होतो तवा पोट्टे लाथ मारे तं ती भालूले बसे. मले नाई बसे. आता गावच्या ग्रुपवर आला तो व्हिडिओ. सासऱ्यानं सारा पाह्यला म्हणते."

मोठेबाबा म्हणाले, "माफ कर गा."

"त्याचं मी काय करू काका?" त्याने पुढचं टरबूज झेललं. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या झोळीकडे. "अन् ताई, माझ्यावर काई छापू नोका आता."

मी मनातल्या मनात मथळा शोधत होते. 'फरच्या आतला कामगार.' त्याच्या बोलण्याने तो मथळा जागच्या जागी गळून पडला, आणि मला माझा चेहरा कुठे ठेवावा कळेना. आज हे लिहिताना मी त्याचं गाव आणि नाव दोन्ही सोडलं आहे. तेवढ्याने त्याचं म्हणणं पाळलं असं होत नाही, हे मला माहीत आहे.

परत येताना रिक्षात मोठेबाबा म्हणाले, "खाप्याचा बाबा लोकाइले फसवून राहिला होता. हा कोणाले फसवून राहिला होता?" मी चटकन म्हणाले, घरच्यांना. पत्रकात शोभेल असं उत्तर होतं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने नाही, चुकलेल्या गणिताकडे पाहावं तसं, आणि ते गणित त्यांनीच शिकवलेलं असावं तसं. कळमन्याला ते पुन्हा गेले नाहीत. मी एकदा सुचवलं तर म्हणाले, "जाऊन त्याले आणखी काय उघडं पाडू?"

कळमन्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक नवीनच गोष्ट सुरू केली. ओसरीतली खुर्ची उलटी ठेवली, म्हणजे आपली पाठ घराकडे आणि तोंड फाटकाकडे, आणि नुसत्या बनियनवर पेपर वाचत बसले. इराला हाक मारली नाही. फक्त मोठ्याने, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले की ज्याला माझी पाठ पाहायची असेल त्याने खुशाल पाहावी, मी वळणार नाही. मोठी आई म्हणाली, म्हातारपणी हे एक राहिलं होतं.

इरा पहिल्यांदा दारातूनच पाहत राहिली. मग काही दिवस उंबऱ्यावर. मग तिने माझी प्लास्टिकची पट्टी आणली आणि हात लांब करून पट्टीने बनियन टोचलं. मोठेबाबा पेपरचं पान उलटायचेही थांबले. पट्टी खाली गेली, वर आली, मानेपाशी जरा रेंगाळली. शेवटी एका दुपारी तिने पट्टी टाकली आणि बोट लावलं. मानेपासून कमरेपर्यंत, मणक्यावरून, सावकाश. मग आत धावत गेली आणि स्वयंपाकघरात जाहीर केलं, "आबाजींना चेन नाही." मोठेबाबा वळले नाहीत. वळणार नाही असं बोलले होते. थांबलेलं पान तेवढं उलटलं.

यानंतर काही दिवसांनी त्यांनी आपला उन्हाळ्याचा पांढरा दुपट्टा इरासमोर ठेवला. ती घाबरते म्हणून त्यांनी तो बांधणं सोडलं होतं आणि बोडक्या डोक्याने उन्हात फिरून मोठी आईच्या शिव्या खात होते. त्यांनी विचारलं, "माय, हा मले तू बांधून देशील का? सोडायचाही तूच. मी हात नाही लावत." आणि खरोखर हात मांडीखाली घालून बसले. तिने एक वेढा दिला. "मी कोण?" आबाजी. दुसरा वेढा, कान गेले, हनुवटी गेली. "आता?" आबाजीच. तिसऱ्या वेढ्याला नाक आणि डोळे गेले आणि ती मागे सरकली. आता त्या पांढऱ्या गाठोड्यात कोणीही असू शकत होतं. मी पुढे झाले. मोठेबाबांनी पावलांच्या आवाजावरून ओळखलं असावं, कारण दुपट्ट्याच्या आतून मला दरडावलं की जागेवर राहा. तो आवाज ऐकून इरा थांबली. म्हणाली, "बोलत राहा."

ते बोलत राहिले. पाढे म्हटले, नद्यांची नावं म्हटली, आणि तीही संपली तेव्हा त्यांना पाठ असलेली एकच गोष्ट उरली होती. त्यांनी आपली जुनी पत्रकं म्हणायला सुरुवात केली. 'नागरिकहो, सावधान.' दुपट्ट्यातून येणारा तो घोगरा आवाज ऐकून इरा पहिल्यांदा हसली. मग तो खेळच झाला. ती त्यांना रोज काहीतरी चढवी. उशीचा अभ्रा, मोठी आईचं लुगडं, पुठ्ठ्याची शिंगं. अट एकच, आतून बोलत राहायचं. आणि मोठेबाबा, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाचं काही झाकलेलं राहू दिलं नव्हतं, ते ती सोडेपर्यंत त्या कापडाखाली घामाने निथळत बसत. कधी कधी ती खेळताखेळता निघून जाई आणि विसरे. तरी ते सोडत नसत. आतून आवाज देत, "माय, आता निघू का?" एकदा मी त्यांना तसंच बसलेलं पाहून म्हटलं की इरा शेजारी गेली आहे, काढा ते. ते म्हणाले, "तिनं बांधलं आहे. तिले विचार."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून दोरीने ओढत घरोघर नेतात, स्वतःही शेतकरी, राजा, परी असं काहीतरी होऊन निघतात. गल्ली सोंगांनी भरून जाते. या सोंगांच्या खर्चाविरुद्ध मोठेबाबांचं दरवर्षीचं एक पत्रक ठरलेलं असे. त्या वर्षी इराला विचारलं, लाकडी बैल आणायचा का. ती म्हणाली नको, आबाजी बैल.

आणि ते झाले. पुठ्ठ्याची शिंगं, चादरीची झूल, गळ्यात घुंगरांची माळ, चेहऱ्यावर तिने काढलेला कागदी बैल, ज्याला डोळ्यांच्या जागी भोकं एकमेकांपासून फार लांब पडली होती, त्यामुळे त्यांना एका वेळी एकाच डोळ्याने दिसत होतं. इराच्या हातात दोरी. ती राजे, पऱ्या आणि एका दाढीवाल्या साधूच्या मधून चालली होती आणि दर थोड्या पावलांनी दोरीला हिसका देत होती. मग बैल आतून म्हणे, 'नागरिकहो, सावधान.' नाक्यावर आमच्या संघटनेचे काही लोक उभे होते. त्यातले एक, मोठेबाबांचे जुने सहकारी, मोठ्याने म्हणाले, "काय सर, यंदाचं पत्रक कुठं आहे?" मोठेबाबा झुलीखालून म्हणाले, "बैलाले काय विचारता गा, मालकिणीले विचारा."

मी गल्लीच्या दुसऱ्या बाजूने चालत होते, फोनमध्ये डोकं घालून, त्यांच्याबरोबर नसल्यासारखी. त्या आठवड्यात 'चळवळीची तडजोड' असा माझा एक लेख एका मासिकात यायचा होता. त्यात मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. मोठेबाबांनी तो वाचला, वाक्यं चांगली झाली आहेत म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले.

हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ठेवलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, वर सगळ्या नळ्या. बोलायला डॉक्टरांनी मनाई केली होती आणि त्यांना जमतही नव्हतं. आत जाणाऱ्याने गाऊन, टोपी, तोंडावर मास्क घालायचा असा नियम. इराला आणायचं की नाही यावर वर्षाताई आणि मी बाहेरच्या बाकावर भांडलो. वर्षाताई म्हणत होती, पोरगी पुन्हा पहिल्यासारखी होईल. मोठी आईने आमचं भांडण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वं बायांनो, तिलेच विचारा ना." इरा म्हणाली, येते.

खोलीत सगळेच झाकलेले होते. नर्स, वर्षाताई, मी. इराने आम्हा प्रत्येकाकडे पाहिलं आणि पलंगाकडे पाहिलं आणि दाराशीच उभी राहिली. मोठेबाबांनी तिला पाहिलं होतं. मास्कच्या आत त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. ती वाट पाहत होती. तिच्या आणि त्यांच्यात जे ठरलं होतं ते मोडत होतं, आणि ती एक पाऊल मागे गेली, आणि मोठेबाबांचे डोळे भरून आले.

मला सहन झालं नाही. तिला त्यांचा चेहरा दिसला की ती जवळ येईल, एवढंच डोक्यात होतं. क्षणभराचं तर काम. मी पुढे झाले आणि मास्क खाली ओढायला हात घातला.

"मावशी." इराने माझ्या गाऊनची बाही पकडली होती. ती कधी आत आली मला कळलं नाही. "त्यांना विचारलंस का?"

मी नव्हतं विचारलं. मोठेबाबा माझ्याकडे पाहत होते. मी हात काढून घेतला आणि तो कुठे ठेवायचा ते न कळून पाठीमागे धरला. इराने त्यांना विचारलं, आबाजी, काढू का. त्यांनी मान हलवली, नाही. "बरं," ती म्हणाली, "मग तुम्ही आत राहा. मी बोलते." आणि तिने स्टुलावर चढून, पलंगाच्या कठड्याला धरून, पाढे म्हणायला सुरुवात केली. दोनाचा झाला, तिनाचा झाला. चाराच्या पाढ्यात ती अडली. मास्कच्या आत वाफ धरत होती आणि विरत होती. मी भिंतीजवळ उभी राहून ऐकत होते. मला पुढचा आकडा माहीत होता, पण तिने मला विचारलं नव्हतं.